सातारा-सांगलीकडील गांवचें पाणी : मोट, बलुतें आणि हक्क

गांवगाड्याविषयीं लिहितांना आपल्याकडील अभ्यासकांची दृष्टि प्रथम पाटील-कुळकर्ण्यांचीं वतनें, महजर व निवाडपत्रें यांकडे वळते. गांवांत राहणारास सोय कोणती होती, व ती कोणाकोणास मिळे, हा प्रश्न मागें पडतो. पाण्याच्या अंगानें पाहिल्यास या प्रश्नाचें उत्तर बरेंच स्पष्ट होतें, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं आम्हीं सातारा व सांगली हे जिल्हे घेतले आहेत. हे पूर्वीं एकच होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें.

या मुलखाच्या पश्चिमेस सह्याद्रीचा भरपूर पाऊस. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा टापू. नदीकांठ सोडला तर बागाइताचा आधार विहीर हाच होता. साताऱ्याजवळील लिंब गांवची बारा मोटांची विहीर प्रसिद्ध आहे. शाहू छत्रपतींच्या काळांत, शके १६४१ ते १६४६ च्या दरम्यान, वीरूबाई भोसले यांनीं ती बांधविली. अष्टकोनी दगडी बांधणी, आंत कोरीव महाल आणि वर एकाच वेळीं बारा मोटा चालविण्याची सोय, असें हें काम आहे. तिचें पाणी आमराईसाठीं होतें असें परंपरा सांगते. राजघराण्याचें हें वैभव. सामान्य कुणब्याच्या विहिरीवर एक-दोन मोटा चालत. परंतु मोटेची रीत दोन्हीकडे एकच.

ही रीत नीट पाहिली पाहिजे. बैल धावेवरून उतरत, नाडा चाकावरून ओढला जाई, भरलेली मोट वर येई. सोंदूर सोंडेचें तोंड आवरून धरी व थारोळ्याशीं तें सोडून पाणी पाटाला लावी. यांतील चाक सुताराचें, कडें लोहाराचें. मेलेल्या जनावराचें कातडें महार काढी. ढोर-चांभार तें कमावून मोट शिवीत. नाडा व सोंदूर मांग वळी. याबद्दल सुगींत खळ्यावर प्रत्येकास बलुतें मिळे. म्हणजे मोटेचें पाणी वर येण्यास सारा गांव खपत असे.

आणि तरीही ज्यांच्या हातचें कातडें व दोर रोज विहिरींत उतरत, त्यांस स्वतः त्या विहिरीवर घागर भरण्याची मोकळीक नव्हती. त्यांनीं केलेली वस्तु पाण्यास चाले. त्यांचा हात चालत नसे. गांवगाडा हा परस्परांच्या गरजेवर उभा होता हें खरें. परंतु गरज परस्परांची व हक्क मात्र एकतर्फी, हेंही तितकेंच खरें. बलुत्याच्या व्यवस्थेची स्तुति करणारांनीं हा दुसरा भाग गाळूं नये.

या विसंगतीवर बोट ठेवणाऱ्यांपैकीं जोतीराव फुले यांचें मूळ गांव खटाव तालुक्यांतील कटगुण. त्यांनीं १८६८ सालीं पुण्यांत आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. पुढें १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे ठरले. ठराव कागदावरच राहिला, म्हणून १९२७ सालीं महाडचा सत्याग्रह करावा लागला.

याच मुलखांतील औंध संस्थानानें १९३९ सालीं ग्रामपंचायतींच्या पायावर आपली राज्यघटना उभारली. आटपाडी हा त्याच संस्थानाचा भाग. पुढें १९९० च्या सुमारास खानापूर तालुक्यांत येरळा नदीवर लोकांनीं बळीराजा धरण बांधलें. त्याच्या पाण्यांत भूमिहीन कुटुंबांसही वांटा ठरविण्यांत आला. १९९३ पासून आटपाडी भागांत समन्यायी पाणीवांटपाची मागणी उठली, तिचेंही सूत्र हेंच होतें.

मोटा आतां गेल्या. वीजपंप आले, आणि टेंभू-ताकारी-म्हैसाळ योजनांनीं कृष्णेचें पाणी पूर्वेकडील माळांवर चढविलें. पण गांवांत पाणी आलें एवढ्यानें गांवाची सोय झाली असें म्हणतां येत नाहीं. बारा मोटांच्या विहिरीपुढें उभे राहून वीरूबाईंच्या औदार्याची व गवंड्याच्या कौशल्याची वाहवा करावी, ती योग्यच आहे. त्याबरोबर नाडा वळणाराच्या घरीं त्या दिवशीं पाणी कोठून आलें असेल, हेंही इतिहासानें विचारावें.