व्हिएन्नाच्या व्यासपीठामागील वर्षे



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या चरित्रातील दोन प्रसंग निवडले आहेत. विद्वत्परिषदेत संशोधन मांडायचे म्हणजे नेमकी कशाची तयारी करायची, या प्रश्नाचे उत्तर मला त्यांत सापडते. मी महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो तेव्हा चर्चासत्र आठवड्यावर आले की विद्यार्थी येऊन विचारीत, ‘सर, निबंध किती पानांचा असावा?’ पानांचा प्रश्न सर्वांत शेवटचा आहे, हे मी त्यांना याच प्रसंगांच्या आधारे सांगत असे.

पहिला प्रसंग १८७४ सालचा. आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषदेचे दुसरे अधिवेशन लंडनला भरले. १८३७ साली मालवणला जन्मलेल्या भांडारकरांना त्याचे निमंत्रण होते. त्यांना जाता आले नाही. मात्र नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांवरचा निबंध त्यांनी पाठविला. जेथे लेखक स्वतः उभा नाही, शंकेचे निरसन करू शकत नाही, तेथे निबंधालाच स्वतःचा सांभाळ करावा लागतो. हे लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत. आधी अक्षर निश्चित करायचे, मग शब्द, मग त्याचे संस्कृत रूप, मग वाक्याचा अन्वय, आणि अखेरीस त्यातून निघणारा इतिहास, अशी ही चढण आहे. खालची पायरी डळमळीत असेल तर वरचा सारा डोलारा कोसळतो.

या चढणीचा सराव त्यांनी आधीच केला होता. पतंजलीच्या महाभाष्यात पुष्यमित्राच्या यज्ञाचा आणि यवनांनी साकेताला घातलेल्या वेढ्याचा उल्लेख व्याकरणाची उदाहरणे म्हणून येतो. त्यांवरून त्यांनी १८७२ मध्ये पतंजलीचा काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्याजवळ ठरविला. जर्मन पंडित वेबर यांनी त्यावर आक्षेप घेतले. भांडारकरांनी उत्तर दिले ते पुराव्याने. समोरचा परकी आहे म्हणून रागाने नव्हे, आणि थोर आहे म्हणून भिऊनही नव्हे.

दुसरा प्रसंग १८८६ सालचा. परिषदेचे सातवे अधिवेशन व्हिएन्नाला भरले आणि मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून भांडारकर तेथे गेले. परदेशगमन अनेकांच्या लेखी निषिद्ध होते, असा तो काळ. तेथे त्यांनी रामानुजीय मत आणि भागवत अथवा पांचरात्र पंथ या विषयावर निबंध मांडला. त्याची तयारी बोटीवर झालेली नव्हती. त्या दशकात ते सरकारसाठी संस्कृत हस्तलिखितांचा शोध घेत होते, मिळालेल्या पोथ्या चाळून त्यांचे तपशीलवार अहवाल लिहीत होते. परिषदेतील अल्पशा वेळामागे ही वर्षे उभी होती. आपल्या शहापूर-वडगावच्या विणकरांना हे वेगळे सांगायला नको. लुगड्याचा पदर लोकांच्या डोळ्यांत भरतो, पण ताणा नीट लागला नसेल तर मागावर पदर येतच नाही.

श्रोतेहो, निबंध वाचून झाला म्हणजे काम संपले, असे भांडारकरांनी मानले नाही. व्हिएन्नाचा विषय त्यांनी पुढे सत्तावीस वर्षे मनात वागविला. १९१३ मध्ये वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मधल्या काळात, १९०९ साली, विदिशेजवळ बेसनगरला हेलिओदोर या यवन दूताचा गरुडस्तंभ-लेख उजेडात आला होता. वासुदेवभक्ती ख्रिस्तपूर्व काळातील आहे, याचा हा भक्कम पुरावा त्यांनी ग्रंथात घेतला. मात्र त्याच ग्रंथात त्यांनी बाळकृष्णाच्या कथांवर आभीरांमार्फत ख्रिस्ती प्रभाव पडला असण्याची शक्यताही मांडली. हे मत येथील कोणाला सुखावणारे नव्हते आणि पुढे ते टिकलेही नाही. नाशिकच्या लेखांवरून गौतमीपुत्र व पुळुमावी हे पितापुत्र एकाच वेळी राज्य करीत होते, असे त्यांनी आपल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात (१८८४) लिहिले. तेही नंतरच्या बहुतेक अभ्यासकांनी मान्य केले नाही. उलट, गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, या नाशिकच्या लेखातील विधानाला १९०६ मध्ये जोगळटेंभीला सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांनी दुजोरा दिला. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा उमटविली आहे. अनुमाने बदलली, पण लेखांचे महत्त्व वाढतच गेले. संशोधकाने वकिलाप्रमाणे नव्हे, तर न्यायाधीशाप्रमाणे पुरावा पाहावा, ही भांडारकरांची शिकवण होती. मला ती परिषदेच्या तयारीतील पहिली अट वाटते.

व्हिएन्नाच्या अधिवेशनाचे आणखी एक फळ आपल्या दारापर्यंत आले आहे. हिंदुस्थानातील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, असा ठराव तेथे झाला. त्यातून ग्रिअर्सन यांच्या नेतृत्वाखाली भाषिक सर्वेक्षण उभे राहिले आणि मराठीला वाहिलेला त्याचा सातवा खंड १९०५ साली निघाला.

हे सारे मी शहापुरात बोलतो आहे, याला कारण आहे. १९४८ पर्यंत हे गाव सांगली संस्थानात होते, शेजारचे बेळगाव ब्रिटिश मुलखात. येथे इतिहासाचा प्रत्येक दगड कोणाच्या तरी बाजूने साक्षीला उभा केला जातो. मायबोलीचे प्रेम मला कोणी शिकवू नये. तीच माझी आयुष्यभराची भाकरी आहे. पण खानापूर तालुक्यातील हलशी, म्हणजे प्राचीन पलाशिका, येथे मिळालेले कदंबांचे ताम्रपट पाहा. त्यांची भाषा संस्कृत आहे आणि त्यांत जैनांना दिलेल्या दानांची नोंद आहे. आजच्या आपल्या वादाची त्यांना गंधवार्ता नाही. त्यांना आपल्या बाजूने बोलायला लावण्यापूर्वी ते काय बोलतात, हे ऐकले पाहिजे.

या शाळेतील एखादा मुलगा वा मुलगी उद्या परिषदेत उभी राहील. तिने आधी मूळ लेख डोळ्यांखालून घालावा, मग विरुद्ध मत पूर्ण वाचावे, आणि आपल्या मताला प्रतिकूल असलेला पुरावा निबंधात सर्वांत आधी मांडावा. एवढे झाले म्हणजे पानांचा हिशेब खुशाल करावा.