त्वचेचा देठ : नाकापासून स्तनापर्यंत

आंब्याचे भेट कलम कसे बांधतात, हे आपण वर्गात शिकवतो. हव्या त्या झाडाची फांदी लगेच तोडायची नाही. फांदी आणि रोप दोन्हींना काप देऊन ते एकत्र बांधायचे आणि सांधा जुळेपर्यंत फांदीला मूळ झाडाचा रस मिळू द्यायचा. फांदी तोडायची ती त्यानंतर. माणसाच्या त्वचेलाही हाच नियम लागू पडतो. इंग्लंडमधल्या डॉक्टरांना तो नव्याने शिकवला पुण्याजवळच्या एका कारागिराने.

कावसजी हा इंग्रजी सैन्याबरोबर असलेला मराठा गाडीवान. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये तिचे वर्णन चित्रासह छापून आले. त्यात रुग्णाचे नाव आहे, वैद्याचे नाही.

रीत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकारात बेतायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ आखायची. तेवढी त्वचा सोडवून घ्यायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मधला एक अरुंद पट्टा जोडलेलाच ठेवायचा. मग ती त्वचा पिळा देऊन खाली वळवायची आणि नाकाच्या खरडलेल्या कडांत बसवायची. वरून ओल्या काताच्या पट्ट्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधला पट्टा कापायचा. हा पट्टा म्हणजे त्वचेचा देठ. नव्या जागी रक्तवाहिन्या जुळेपर्यंत रक्त त्यातूनच येते. गालाच्या त्वचेपासून नाक करण्याची कृती सुश्रुतसंहितेतही आहे. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये भारतीय रीतीने नाक बसवले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. या शाखेच्या नावातला ‘प्लास्टिक’ हा शब्द पिशव्यांच्या प्लास्टिकवरून आलेला नाही. घडवणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो आला आहे.

आता स्तनाकडे वळू. स्तनात ग्रंथी आणि चरबी असते, स्नायू नसतो. त्याला त्वचा आणि तंतूंचे बंध सावरून धरतात. वय, गर्भारपणे, वजनातले चढउतार यांमुळे हे आधार सैल होतात. म्हणूनच व्यायामाने छातीचा स्नायू बळकट झाला तरी स्तन वर जात नाही. अंगावर पाजल्याने स्तन ओघळतात, हा समज मात्र २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात टिकला नाही. गर्भारपणांची संख्या, वय आणि धूम्रपान यांचा संबंध दिसला. स्तनपानाचा दिसला नाही.

स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये पूसाँ यांनी १८९७ मध्ये नोंदवली. जास्तीची त्वचा काढणे सोपे होते. अडचण होती स्तनाग्राची. ते वर न्यायचे तर सोडवावे लागते, आणि पुरते सोडवले तर रक्ताअभावी मरू शकते. १९३० मध्ये श्वार्त्समान यांनी तोड सुचवली : स्तनाग्राभोवतीच्या त्वचेचा फक्त वरचा थर काढायचा, खालचा रक्तवाहिन्यांचा थर देठासारखा राखायचा. पुढच्या बहुतेक पद्धती या देठावरच उभ्या आहेत.

आज पद्धत ठरते ती स्तन किती ओघळला आहे त्यावरून. थोडा ओघळला असेल तर स्तनाग्राच्या गडद वर्तुळाभोवतीच छेद घेतात; अधिक असेल तर तिथून खाली एक उभा छेद; फारच असेल तर स्तनाखालच्या घडीतही एक आडवा. आकार फारसा बदलत नाही. सूज उतरायला काही आठवडे ते महिने लागतात. वण फिकट व्हायला वर्षभर लागू शकते, आणि ते पुरते कधीच जात नाहीत. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे दूध पाजण्यात अडचण येऊ शकते. पुन्हा दिवस गेले तर स्तन परत ओघळतात; म्हणून मुले झाल्यावरच विचार करावा, असा सल्ला देतात. तंबाखू अगोदर सोडावीच लागते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि देठच उपाशी राहतो.

रावेरसारख्या तालुक्याच्या गावी या अवयवाचे नावही बायका हलक्या आवाजात घेतात. या संकोचावर तेल आणि मलमांच्या जाहिराती पोसल्या जातात. त्याहून वाईट म्हणजे, हाताला गाठ लागली तरी ती लपवली जाते. ओघळणे हा आजार नाही, त्याला उपचार हवाच असे नाही. गाठ मात्र लगेच तपासून घ्यायला हवी. हा फरक मुलींना शाळेत सांगता येतो. आणि एखादीने पुढे शस्त्रक्रिया करायची ठरवलीच, तर सर्जनला काय विचारायचे हेही तिला ठाऊक असावे : वण कुठे राहतील, दूध पाजता येईल का, आणि देठ कोणत्या बाजूचा ठेवणार?