धरणे, अंतस्थ आणि क्रॉफर्ड प्रकरण

पेशवाईत थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरून बसे, तेव्हा मागणारा आणि देणेकरी दोघेही उपाशी राहत, आणि हा तगादा राजद्रोह न मानता रूढीने मान्य केलेला असे. 1809 साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची वर्णने लिहून ठेवली आहेत. त्याच राजवटीत ‘अंतस्थ’ नावाचा छुपा भरणा दरबारच्या अंगवळणी पडलेला होता, आणि दुसऱ्या बाजीरावाने तर मामलती मक्त्याने देऊन रयत मक्तेदारांच्या हवाली केली.

इंग्रजांनी कायद्याचे राज्य आणले खरे. परंतु 1860 च्या दंडसंहितेतील 508 व्या कलमाने दैवी कोपाचे भय घालणारे धरणे गुन्हा ठरले, लाच मात्र टिकली. 1888 मध्ये कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर मामलतदारांकडून नेमणुका-बदल्यांसाठी पैसे घेतल्याचे आरोप आले. चौकशीत लाचखोरीच्या आरोपांतून ते सुटले, हाताखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याबद्दल नोकरीस मुकले, आणि सरकारी अभयवचनावर विसंबून साक्ष देणारे मामलतदार मात्र गोत्यात आले. (न्यायाची ही तऱ्हा पेशवाईतल्या कारकुनालाही ओळखीची वाटली असती.) त्या मामलतदारांची बाजू टिळकांनी घेतली आणि 1889 मध्ये पुण्यात त्यासाठी जाहीर सभा भरली.