‘फॉरेस्ट’ म्हणजे नक्की काय? शहापूर-मुरबाडमधल्या एका इंग्रजी शब्दाची गोष्ट

आजच्या भागात आपण एकाच शब्दाबद्दल बोलणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, पण शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही पाड्यावर जा, म्हाताऱ्या आजीलासुद्धा तो माहीत असतो. तो शब्द म्हणजे ‘फॉरेस्ट’.

आता गंमत बघा. शाळेत आपण पाठ केलं, फॉरेस्ट म्हणजे जंगल. पण गावात लोक काय म्हणतात? “फॉरेस्ट आलं होतं.” म्हणजे जंगल चालत आलं का? नाही, गार्ड आला होता. “ती जमीन फॉरेस्टची आहे.” म्हणजे खात्याची. “आमचा फॉरेस्ट प्लॉट आहे.” म्हणजे खात्याच्या नोंदीतली, पण घरचे लोक पिढ्यानपिढ्या कसत आलेली जमीन. आणि खऱ्या जंगलात जायचं असेल तेव्हा माणूस म्हणतो, “रानात जातो.” म्हणजे झाडं असतात ते रान, आणि कागद, दंड, परवानगी असते ते फॉरेस्ट.

तुम्हाला वाटेल, हा गावठी गैरसमज आहे. पण इतिहास बघितला तर गावातला अर्थच जुना निघतो.

1066 मध्ये नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड जिंकलं. त्यानंतर तिथे ‘फॉरेस्ट’ म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख. त्याला वेगळा कायदा, वेगळे अधिकारी. त्या हद्दीत झाडं असायलाच हवीत असं काही नव्हतं. शेतं असायची, गावं असायची, उघडा माळ असायचा. इंग्लंडमधलं डार्टमूर बरंचसं उघडं माळरान आहे, पण तेही राजाचं ‘फॉरेस्ट’ होतं. लोकांची गुरं, सरपण, चराई अडली. शेवटी 1217 मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या काळात ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ नावाची सनद निघाली आणि सामान्य माणसांचे काही हक्क मान्य झाले. थोडक्यात, हा शब्द मुळात झाडांचा नाही, हद्दीचा आहे.

हाच शब्द पुढे आपल्याकडे आला. 1864 मध्ये इंग्रज सरकारने वनखातं उभं केलं. डिट्रिश ब्रँडिस हा जर्मन माणूस त्याचा पहिला प्रमुख. त्याच काळात रेल्वे कसारा घाट चढत होती, रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर लागत होते. लाकूड ही सरकारची गरज झाली होती. 1865 ला पहिला कायदा आला, 1878 ला जास्त कडक. त्यात जंगलाचे प्रकार पाडले. ‘राखीव’ म्हणजे परवानगी नसेल तर सगळं बंद. ‘संरक्षित’ म्हणजे मनाई केलेली नसेल तर चालू. तिसरा प्रकार ‘ग्रामवन’, तो बहुतेक कागदावरच राहिला.

आता आपल्याकडचे शब्द आठवा. रान, माळ, कुरण, गायरान, देवराई, दळी, वरकस. प्रत्येकाचा वापर वेगळा. वरकस म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन. तिथे नाचणी-वरी करायची, गवत कापायचं आणि राबासाठी फांद्या आणायच्या. राब तर ठाण्याच्या भातशेतीचा पायाच. ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं आणि त्या जागेवर भाताचं रोप टाकायचं. शेतकऱ्यासाठी ही पेरणीची तयारी. खात्याच्या नजरेत झाडांची नासधूस. सात-आठ शब्दांचं काम एका ‘फॉरेस्ट’ शब्दाने गिळलं आणि भांडण तिथेच सुरू झालं.

ते भांडण लहान नव्हतं. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर टीका आहे. आणि ठाणे-कुलाब्याच्या लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये सरकारला ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ नेमावं लागलं. राबाचा प्रश्न त्यात कळीचा होता.

पुढे 1927 चा भारतीय वन कायदा आला. तो आजही लागू आहे. आणि ऐका, त्या कायद्यात ‘फॉरेस्ट’ या शब्दाची व्याख्याच नाही! सरकारने अधिसूचना काढली की ते फॉरेस्ट.

स्वातंत्र्यानंतर अर्थ आणखी फुगला. महाराष्ट्राने खाजगी वने संपादन कायदा केला, तो 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झाला. त्यात खाजगी मालकीची ‘वनं’ सरकारजमा झाली. व्याख्या इतकी रुंद की तोडलेल्या झाडांचे बुंधेसुद्धा त्यात आले. जुन्या नोटिशींच्या आधारे सातबाऱ्यावर ‘वने’ अशा नोंदी पडल्या. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने विक्रोळीच्या गोदरेज प्रकरणात सांगितलं की नुसती नोटीस काढून, दशकानुदशकं काही न करता जमीन खाजगी वन ठरत नाही. पण कोर्टापर्यंत पोचणं सगळ्यांना कुठे जमतं?

दुसरी बाजूही सांगायला हवी. 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं, ‘फॉरेस्ट’चा अर्थ शब्दकोशातला घ्या, मालक कोणीही असो. त्यामुळे देशभर कितीतरी जंगलं वाचली. आपल्या मुरबाडमध्येच बघा. काळू नदीवरच्या धरणाचं काम वनजमिनीची मंजुरी नसताना सुरू झालं, म्हणून 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं. ज्या शब्दाने आजोबांची कोयती हिसकावली, त्याच शब्दाने नातवंडांचं गाव बुडण्यापासून रोखलं.

मग 2006 चा वनहक्क कायदा आला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो, आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. सामूहिक हक्कही मागता येतो. ‘फॉरेस्ट’ या शब्दात माणसं राहतात, हे कायद्याने पहिल्यांदा इतकं स्पष्ट मान्य केलं. पण दावे रखडले. म्हणून 2018 मध्ये नाशिकहून लाँग मार्च आपल्या शहापूरवरूनच मुंबईला गेला, आणि 2023 चा मार्च वासिंदला थांबला होता. दोन्ही वेळा मागण्यांमध्ये वनजमीन होतीच.

तेव्हा मित्रांनो, एक काम करा. मोबाईलवर घरचा सातबारा उघडा. कुठे ‘वन’ असा शब्द दिसला तर तिथेच थांबू नका. विचारा, कुठलं वन? राखीव, संरक्षित की खाजगी? कोणत्या कायद्याने, कोणत्या तारखेला? प्रत्येक उत्तराचा हक्क वेगळा, वाट वेगळी. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, त्या तुकड्याला आधी काय म्हणायचे. वरकस, दळी की माळ? ते नाव लिहून ठेवा. वनहक्क दाव्यात गावातल्या जाणत्या माणसाचा जबाबही पुरावा म्हणून चालतो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात ‘फॉरेस्ट’ शब्द कसा वापरतात ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.