लाट, लक्ष्मी आणि मळवलीचा छापखाना

(१)
विठ्ठलवाडीतील एखाद्या नव्या सदनिकेत पाऊल टाकावे, तर बैठकीच्या भिंतीवर उसळलेली निळी लाट आणि तिच्याआड इवलासा फुजी पर्वत दिसण्याचा संभव आज बराच असतो. त्याच घरात आजीच्या खोलीत, काचेच्या चौकटीत, कमळावर उभी लक्ष्मी असते. पहिल्या चित्राला घर ‘कला’ म्हणते, दुसऱ्याला ‘देवाचा फोटो’. इतिहासाला मात्र हा भेद मान्य नाही.

(२)
ती लाट कात्सुशिका होकुसाई याची. ‘फुजीची छत्तीस दृश्ये’ या मालिकेतील हे चित्र सुमारे १८३१ चे. तेव्हा होकुसाई सत्तरीचा होता. त्याचे रंगवलेले ‘मूळ चित्र’ जगातील कोणत्याही संग्रहालयात नाही. कागदावरचे रेखाटन लाकडी ठोकळ्यावर उलटे चिकटवून कोरले जाई आणि कोरताना ते नष्ट होई. उरत असे तो फक्त छाप. म्हणजे येथे छापील प्रत हेच मूळ!

(३)
एका चित्रामागे चौघे असत: पैसा लावणारा प्रकाशक, चित्रकार, कोरक्या आणि छापणारा. प्रत्येक रंगासाठी बहुधा स्वतंत्र ठोकळा, तोही जंगली चेरीच्या कठीण लाकडाचा. सगळे रंग नेमक्या जागी बसावेत म्हणून ठोकळ्यांवर खुणेच्या खाचा असत. लाटेचा तो गडद निळा रंग युरोपातून आलेला, ‘प्रशियन ब्ल्यू’.

(४)
अशा चित्राची किंमत वाडगाभर सोबा नूडल्सच्या आसपास. हिरोशिगेने १८३३-३४ च्या सुमारास एदो ते क्योतो या मार्गावरील त्रेपन्न मुक्कामांची मालिका काढली, तेव्हा ज्यांना प्रवास परवडत नव्हता त्यांनीही तो मार्ग घरी आणला. चित्रे हाताळली गेली, पडद्यांवर चिकटवली गेली, फाटली. पुढे क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने आपल्या घरातील जेवणाची खोली जपानी छापचित्रांनी सजवली आणि रस्त्यावरच्या मालाला युरोपात प्रतिष्ठा लाभली.

(५)
महाराष्ट्रात हेच काम लाकडाऐवजी दगडाने केले. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा छापखाना उभा राहिला. रामपंचायतन आणि नाना फडणवीस, अशी देवांची आणि इतिहासपुरुषांची रंगीत शिळाछापे तेथून घरोघर गेली.

(६)
१८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे छापखाना शहर सोडून घाटावर, लोणावळ्याजवळील मळवलीला गेला. विठ्ठलवाडी, अंबरनाथ, बदलापूर ज्या लोहमार्गावर आहेत, तोच मार्ग कर्जतहून घाट चढून मळवलीला पोहोचतो.

(७)
पद्धत अशी: चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट माध्यमाने चित्र उतरवायचे. ओली शिळा शाई झिडकारते, तेलकट रेषा ती धरून ठेवते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. शेवटी तैलचित्राचा भास व्हावा अशी चकाकी दिली जाई. जपानी छापचित्राहून फरक येथेच आहे: या छापांमागे रंगवलेले मूळ तैलचित्र बहुधा असे. ते राजवाड्यात राही, छाप चाळीत जाई.

(८)
चाळीत तो नुसती सजावट राहिला नाही. त्याला कुंकू लागले, हार चढले, उदबत्तीच्या धुराने काच काळवंडली. काही घरांतील स्त्रियांनी देवीच्या छापील वस्त्रावर खरी जर आणि टिकल्या शिवल्या. ज्यांना मंदिराच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांच्याही भिंतीवर देव आला. स्वस्त छपाईने घडवलेला हा बदल लहान नव्हे.

(९)
जपान आणि हा परिसर यांची गाठ आगपेटीवरही पडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतीय बाजार जपानी आगपेट्यांनी भरला होता आणि जपानमध्ये छापलेल्या लेबलांवर हिंदू देवता विराजमान होत्या. पुढे १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर ‘विम्को’ कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना अंबरनाथला होता, विठ्ठलवाडीपासून अवघ्या दोन स्थानकांवर.

(१०)
मळवलीचा छापखाना रविवर्मा यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपले जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. १९७२ च्या आगीत तो भस्मसात झाला. त्याचा खरा संग्रह आज विखुरलेला आहे, तो जुन्या घरांच्या भिंतींवर आणि माळ्यांवर. पुनर्विकासासाठी घर रिकामे होते, तेव्हा भंगारात प्रथम जाते ती हीच चौकट.

(११)
ती देण्याआधी चित्राची खालची कड पाहावी. तेथे बारीक अक्षरांत ‘रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असे असू शकते. चित्र उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवावे, चिकटपट्टी लावू नये.

(१२)
होकुसाईची लाट भिंतीवर जरूर असावी. पण ती लाटही एकेकाळी वाडगाभर नूडल्सच्या मोलाचीच होती. जी चित्रे कोणी जपून ठेवली, ती संग्रहालयात पोहोचली. आजीच्या खोलीतील लक्ष्मी अजून त्या निवाड्याची वाट पाहत आहे.