विषाचे नाव कोणी सांगावे?

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात, तह आठवतात. पण कायद्यांनाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो एखाद्या अपघातापासून सुरू होतो. इटलीतल्या सेव्हेझो गावची हकिगत अशीच आहे.

१० जुलै १९७६, शनिवार. मिलानच्या उत्तरेस मेदा येथे इक्मेसा नावाचा कारखाना होता. मालकी स्विस कंपनीची. तेथे ट्रायक्लोरोफेनॉल बनत असे. आठवड्याच्या सुट्टीसाठी काम अर्ध्यावर थांबवले गेले. ढवळणे बंद झाले, पण पात्रातली उष्णता आतल्या आत वाढत राहिली. दुपारी साडेबाराच्या सुमारास दाब सोडणारी चकती फुटली आणि विषारी ढग शेजारच्या सेव्हेझोवर उतरला. त्यात डायॉक्सिन होते. अत्यल्प प्रमाणातही घातक!

कोंबड्या, ससे मरू लागले. मुलांच्या अंगावर फोड उठले. कंपनीच्या प्रयोगशाळेला विषाचे नाव काही दिवसांतच कळले. सरकारी अधिकाऱ्यांना ते कळायला दहाएक दिवस गेले. पहिली कुटुंबे घराबाहेर पडली ती २६ जुलैला. अखेर सातशेहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. त्या दिवशी कोणी दगावले नाही, हे खरे; पण हे सोळा दिवस युरोप विसरला नाही.

१९८२ साली युरोपीय समुदायाने जो नियम केला, तो सेव्हेझोच्याच नावाने ओळखला जातो. घातक रसायने बाळगणाऱ्या कारखानदाराने धोका सरकारला आधी कळवावा, संकटकाळची योजना तयार ठेवावी, आणि आसपासच्या रहिवाशांनाही काय करायचे ते ठाऊक असावे, हे त्याचे सार. पुढे १९८४ साली आपले भोपाळ झाले, १९८६ साली बाझेलची आग झाली, आणि नियम आणखी कडक झाला.

पण कारखान्याच्या भिंतीबाहेर, बाजारात जाणाऱ्या रसायनांचे काय? १९८१ पूर्वीपासून बाजारात असलेली सुमारे एक लाख द्रव्ये फारशी तपासणी न होताच विकली जात होती. घातकपणा सिद्ध करायचा तो सरकारने! २००७ सालच्या १ जूनपासून लागू झालेल्या ‘रीच’ कायद्याने हा भार उलटा फिरवला. वर्षाला एक टन वा अधिक माल करणाऱ्याने किंवा आणणाऱ्याने त्याची माहिती हेलसिंकीच्या संस्थेकडे नोंदवलीच पाहिजे. माहिती नाही, तर बाजारही नाही.

आता कोणी म्हणेल, चोरानेच आपला पंचनामा लिहायचा का? शंका रास्त आहे. माहिती कारखानदाराची असते, आणि प्रत्येक नोंद कसोशीने तपासली जातेच असे नाही. म्हणून तपासनीस जागा हवाच. तरीपण एक गोष्ट ठरली, ती थोडी नव्हे. जो द्रव्य बनवतो, त्यावर नफा मिळवतो, त्यालाच ते सर्वांत आधी कळते. मग गप्प बसण्याचा हक्क त्याला कसा असेल? सेव्हेझोच्या मुलांना ते नाव वेळेवर कळायला हवे होते, एवढंच.