भ्रमराचा मध

मराठीच्या वर्गात 'भ्रमर' हा शब्द आला की 'भुंगा, मधमाशी' असा दुहेरी अर्थ सांगून आपण पुढे सरकतो. वस्तुतः हे दोन वेगळे जीव आहेत, आणि जुन्या ग्रंथकारांना हा भेद आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसत होता.

ज्ञानेश्वरीच्या (शके 1212, इ.स. 1290) पहिल्या अध्यायात मोहग्रस्त अर्जुनासाठी योजलेला भ्रमर पाहावा. तो वाळलेले लाकूड भेदू शकतो, पण कोवळ्या कळीत अडकतो. ही कल्पना संस्कृत सुभाषितांतही आढळते. तिच्यामागचे निरीक्षण मात्र अचूक आहे. कोणतीही मधमाशी लाकूड पोखरत नाही. आग्या माशी कड्यावर किंवा उंच झाडावर एकच उघडे पोळे लटकवते, सातेरी ढोलीच्या अंधारात समांतर पोळी बांधते, फुलोरी झुडपातल्या फांदीला लहानसे पोळे करते. तिघींचे घर मेणाचे. लाकूड कोरतो तो आपला काळा, निळसर चमकत्या पंखांचा भुंगा. त्याच्या 'झायलोकोपा' या शास्त्रीय नावाचा मूळ ग्रीक अर्थही लाकूड कापणारा असाच आहे. वाशात किंवा वाळक्या बांबूत मादी बोगदा कोरते, परागाचा मकरंदात कालवलेला गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि भुशाची भिंत उभारून पुढच्या खोलीकडे वळते. राणी नाही, कामकरी नाहीत, मधाचा साठा नाही.

मग वैद्यकातल्या 'भ्रामर' मधाचे काय? चरकसंहितेत मधाचे चार प्रकार आहेत : माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक. त्यांचे रंगही दिले आहेत. माक्षिक तेलाच्या रंगाचा, पौत्तिक तुपाच्या, क्षौद्र पिंगट, भ्रामर पांढरा. सुश्रुताने त्यांत छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल यांची भर घालून संख्या आठवर नेली. मध ओळखायचा तो माशीवरून, ही दृष्टी लक्षणीय आहे. आज बाटलीवर जांभूळ, कारवी अशी फुलांची नावे असतात, माशीचे नाव क्वचितच. पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात भावमिश्राने भ्रामर मधाची व्याख्या करताना एक सूक्ष्म दुरुस्ती केली : परिचित षट्पदांहून किंचित लहान अशा अलींनी जमवलेला, स्फटिकासारखा निर्मळ मध तो भ्रामर. लाकडातला थोरला भुंगा मध देत नाही, ही अडचण त्याला जाणवली असावी, असे मला वाटते. औद्दालकाबाबत तर तो वारुळात राहणाऱ्या लहान पिंगट कीटकांचा अल्पसा मध असे सांगतो. वाचताना नांगी नसलेल्या इवल्याशा कोती माशीची आठवण होते.

अमरकोशात 'सरघा' म्हणजे मधुमक्षिका स्वतंत्रपणे येते आणि भ्रमराचे पर्याय वेगळे दिले आहेत. गंमत अशी की त्या पर्यायांतच 'मधुकर' आहे. मध न करणाऱ्याला मध करणाऱ्याचे नाव! (त्याच यादीतला 'द्विरेफ' हा शब्द तर 'भ्रमर' या शब्दातल्या दोन रकारांवरून घडलेला; तिथे कीटक बाजूलाच राहिला.)

या गोंधळाची खरी किंमत 'माधुकरी' शिकवताना मोजावी लागते. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये 'मधुकृत्' हे एकच नाव आहे, पण त्याच्याकडून घेतलेले धडे दोन आहेत. षट्पदाप्रमाणे घरोघरी थोडे थोडे घ्यावे, हा पहिला. उद्यासाठी मक्षिकेसारखे साठवू नये, साठवणारा साठ्यासह नष्ट होतो, हा दुसरा. एक जीव अनुकरणासाठी, दुसरा इशाऱ्यासाठी. एकनाथांनी शके 1495 मध्ये (इ.स. 1573) काशीत पूर्ण केलेली टीका याच स्कंधावर आहे. दोन्ही ठिकाणी 'मधमाशी' असा अर्थ लावला, तर अवधूत एकाच माशीसारखे वागायलाही सांगतो आणि न वागायलाही, असे विद्यार्थ्याला वाटते. तो तसे विचारतो तेव्हा त्याची शंका रास्तच असते.